वाडी बघायला या

चंद्रपूरहून मूलकडे किंवा नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या एखाद्या भाताच्या बांधीत पत्र्याची पाटी रोवलेली दिसते. 'प्रात्यक्षिक प्लॉट'. खाली पिकाचं नाव, वाणाचं नाव, खताची मात्रा, शेतकऱ्याचं नाव आणि कुठल्यातरी योजनेचं भलंमोठं नाव. पाटी चांगली असते. पीकही बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण ती पाटी वाचायला कोणी बंडी थांबवून खाली उतरलंय, असं दृश्य मी तरी अजून पाहिलेलं नाही.

याचा अर्थ आमच्याकडचा शेतकरी बघत नाही असा नाही हं. तो फार बारकाईने बघतो. धुऱ्यावरून चालताना शेजाऱ्याच्या बांधीतली लोंबी हातात घेऊन दाणे चोळून बघतो, एखादा दाताखाली धरून बघतो, आणि मग घरी जाऊन कोणाला काही न सांगता ठरवतो की पुढच्या साली याच्याकडून बी मागायचं की नाही. त्याचा पहिला प्रश्न 'किती पिकलं?' हा नसतोच. 'कोणाच्या हातचं आहे?' हा असतो.

या 'कोणाच्या हातचं'पायी आमच्या दोन जिल्ह्यांत काय काय घडलं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दोन जिल्हे म्हणायचे ते आता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तोवर सगळा मिळून एकच जिल्हा होता. जुनी माणसं त्याला चांदाच म्हणायची. लोकांनी बघावं, शिकावं म्हणून स्वयंसेवकांनी आणि साध्या माणसांनी इथे ज्या बागा आणि शेतं उभी केली, त्यांचा हा इतिहास आहे. इतिहास म्हणजे काही फार मोठं नाही. माझ्या वाचनातलं, आणि थोडं घरात ऐकलेलं.

आधी एक सांगून टाकते. झाडीपट्टीला शेती बाहेरच्यांनी येऊन शिकवली, असं कोणी म्हणालं तर मला हसूच येतं. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर भाताच्या बांध्या उभ्या राहिल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी तलावा'चा लोकांनी 'मामा तलाव' करून टाकला. घराच्या मागे सांदवाडी, तिच्या कुंपणावर वाल, दोडका, कोहळं. बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, शेजारणीला पसाभर द्यायचं, तिच्याकडून पसाभर घ्यायचं. ही देवघेव कुठल्या योजनेत नोंदलेली नाही, पण कुठल्याही योजनेपेक्षा जुनी आहे.

म्हणजे ज्ञान होतंच, देणंघेणंही होतं. पण त्या देण्याघेण्याला एक कुंपण होतं. पसाभर बी कोणाकडून घ्यायचं आणि कोणाकडून नाही, हे जातीवरून, घरावरून, आणि एका रोगावरून ठरलेलं होतं.

तर वरोऱ्यापासून सुरुवात करू.

बाबा आमटे हे वरोऱ्याला मुळीच परके नव्हते. वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. त्याच काळात त्यांनी भंगीकाम करून बघितलं, मैल्याची टोपली स्वतः डोक्यावर घेतली. त्याच गावात पावसात गटारीकडेला पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांनी पाहिला आणि ते घाबरले, हा प्रसंग आता शाळेतली मुलंही सांगतात. पुढचं मात्र तितकं सांगितलं जात नाही. त्यांनी काम शिकून घेतलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठधाम चालवत होते, तिथे शिकले. मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसीनमध्ये गेले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याबाहेर सरकारने पन्नास एकर जमीन दिली.

जमीन कसली, दगड आणि झुडपं. साप आणि विंचू मुबलक. त्या जमिनीवर बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा रोगी आणि एक लंगडी गाय असा संसार मांडला गेला. हातात रोख रुपये चौदा. साधनाताईंचं 'समिधा' ज्यांनी वाचलंय त्यांना हे दिवस ठाऊक आहेत.

२१ जून १९५१ ला उद्घाटनाला आले विनोबा. ते काही मुद्दाम गाडीने आले नव्हते. त्याच वर्षी १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं होतं, आणि तिथून ते चांदा जिल्ह्यातून पायी पवनारला परत चालले होते. मला हा योगायोग फार आवडतो. तेलंगणात भूमिहीनांसाठी चांगल्या जमिनी मागून आलेला माणूस, कोणी मागितली नसती अशा जमिनीवर येऊन उभा राहिला. आणि पवनारच्या आश्रमात स्वतः विनोबांचा आदल्या वर्षापासून ऋषिशेतीचा प्रयोग चालू होता. बैलही नाहीत, फक्त माणसाचे हात. त्यांना वरोऱ्याबाहेरची ती कुदळ-फावडी बघून नवल वाटायचं कारण नव्हतं.

फरक होता तो हातांचा.

इथे थोडं थांबते, कारण बागकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट लगेच कळेल. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात रोगाने नसा बधिर होतात आणि दुखणंच कळेनासं होतं. काटा घुसला, फावड्याच्या दांड्याने फोड आला, गरम भांड्याला हात लागला, तरी पत्ता नाही. मग जखम चिघळते, पुन्हा चिघळते, आणि बोट जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून हेच काम करून दाखवलं, की हातांचं बरंचसं नुकसान जंतूने नव्हे, तर वेदना नसल्याने होतं. आपण वाडीत काम करताना सतत दुखण्याच्या आधारावर काम करतो. पकड सैल करतो, हात बदलतो, बसतो. ज्याला दुखतच नाही त्याने दगडाळ जमिनीत कुदळ मारायची, म्हणजे संध्याकाळी दिव्याच्या उजेडात आपले तळहात डोळ्यांनी तपासायचे. हाताला कळत नाही, ते डोळ्याने कळून घ्यायचं.

अशा हातांनी विहीर खणली गेली. पाणी लागलं. आणि मग भाजीपाला आला. खाऊन उरेल इतका आला.

तो कोणी विकत घेईना.

वरोऱ्याच्या लोकांना नावं ठेवण्याआधी एक कायदा बघू. १८९८ चा 'लेपर्स अॅक्ट'. जिथे सरकार अधिसूचना काढेल तिथे महारोग्याने काय करायचं नाही, याची त्यात यादी होती. सार्वजनिक विहिरी-तळ्यातून पाणी घ्यायचं नाही, तिथे अंघोळ करायची नाही, भाड्याच्या गाडीत बसायचं नाही (रेल्वेचा डबा तेवढा चालेल!). आणि पहिल्याच कलमांतलं एक : खाण्यापिण्याचा कुठलाही पदार्थ विकायसाठी बनवायचा नाही, विकायचा नाही. हा कायदा केंद्राच्या पुस्तकातून गेला २०१६ साली. म्हणजे गावातली बाई भाजी नाकारत होती तेव्हा ती काही जगावेगळी वागत नव्हती. सरकार जे छापून सांगत होतं, तेच ती आपल्या उंबऱ्यात उभी राहून सांगत होती.

माझ्या आजीचं सासर वरोऱ्याचं. तिला एकदा सरळच विचारलं होतं, की तुम्ही घ्यायचात का ती भाजी? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैसे देऊन रोग आनाचा का घरात?" मग बराच वेळ काही बोलली नाही. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, की भाजी मात्र ताजी होती बरं का, लांबूनही दिसायची.

हे 'लांबूनही दिसायची' माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बाग बघितली गेली होती! पीक लोकांच्या नजरेत भरलं होतं. शेतकी खात्याच्या हिशेबाने प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी. दगडातून भाजी काढून दाखवली, अजून काय हवं? पण पिशवी पुढे येत नव्हती.

पिशवी पुढे आली ती १९५४ च्या सुमाराला, आणि तिला कारण झाले परदेशी स्वयंसेवक. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाची एक संघटना आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० साली पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दंच्या रणभूमीजवळ ती सुरू केली. कल्पना अशी की वेगवेगळ्या देशांच्या, त्यातही कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांच्या लोकांनी एकत्र येऊन उद्ध्वस्त गावं फावड्याने पुन्हा उभी करायची. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः इथे येऊन राहिला होता. या संघटनेच्या पोरापोरींची एक तुकडी आनंदवनात आली, काही महिने राहिली. रोग्यांबरोबर त्यांनी इमारती बांधल्या, एकत्र काम केलं, आणि तिथे पिकलेलंच जेवले.

वरोऱ्याने हे बघितलं. गोरी माणसं, शिकलेली, त्यांच्याच पंगतीला बसून तीच भाजी खातात, आठवडे जातात, महिने जातात, आणि यांना काही होत नाही. आनंदवनाबद्दलच्या लिखाणात ही हकीकत ठिकठिकाणी येते, की यानंतर गावाची भीती मोडली आणि भाजी-दूध विकलं जाऊ लागलं.

ही गोष्ट लोक सांगतात तेव्हा त्यात एक आनंदाचा सूर असतो. मला ती ऐकताना दर वेळी थोडं टोचतं. बाबा आमटे तेच खात होते. साधनाताई खात होत्या. त्यांची दोन लहान मुलं तेच खाऊन वाढत होती. आपल्या गावच्या माजी उपाध्यक्षाच्या पोरांचा पुरावा गावाला पुरला नाही, स्वित्झर्लंडकडच्या पाहुण्यांचा पुरला. आणि वैद्यकाचं म्हणाल तर भाजीतून हा रोग पसरत नाही, आणि बहुतेक माणसांना निसर्गतःच त्याची बाधा होत नाही. हे बाबा कलकत्त्याहून शिकून आले होते. सांगतही असणार. सांगण्याने झालं नाही, जेवण्याने झालं.

(माझ्या नवऱ्याचं म्हणणं, 'अगं, बाबा म्हणजे त्यांना वेडेच वाटत असणार, वेड्याचा पुरावा कोण धरतो?' असेलही. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या वकिलाला गावाने आधीच एका खणात टाकून दिलं असेल.)

पुढे पारडं फिरलं ते मात्र बघण्यासारखं आहे. १९६४ साली आनंदवनाच्या जमिनीवर आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं आणि १९६५ मध्ये शेतकी महाविद्यालय. इमारती बांधल्या त्याच हातांनी. अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं १९६९ साली, म्हणजे त्याच्याही आधी इथे शेती शिकवणं सुरू झालं होतं. आसपासच्या घरांतली धडधाकट मुलं, ज्यांच्या आयांनी दहा वर्षांपूर्वी भाजी नाकारली होती, ती शेती शिकायला आनंदवनात येऊ लागली. माझा एक काकाही त्यातला. त्याला विचारलं तर म्हणतो, आम्हाला काय, कॉलेज होतं, आम्ही जात होतो. त्याच्या आईला काय वाटलं असेल, हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही. एका पिढीत एवढं विसरता येणं, हेही त्या वाडीचंच पीक म्हणायचं!

मग सोमनाथ. मूल तालुक्यात, जंगलाच्या कडेला. १९६७ साली तिथे बाबांनी श्रमिक विद्यापीठाची कल्पना मांडली. बरे झालेले रोगी तिथे भाताची शेती करू लागले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिना, आमच्याकडचा मे महिना! पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगते, चंद्रपूरचा मे म्हणजे सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तर अशा दिवसांत महाराष्ट्रभरची मुलं येऊन पहाटे खोदकाम करायची, बांध घालायची, आणि ऊन चढल्यावर सावलीत बसून चर्चा. चर्चा जरा जास्त होत्या, असं छावणी करून आलेल्या एका मावसभावाचं मत आहे. पण त्यानेच हेही सांगितलं, की फावडं कसं धरायचं हे त्याला ज्यांनी दाखवलं त्यांच्या हाताला चारच बोटं होती, आणि संध्याकाळी फोड आले होते ते याच्याच हाताला.

इथे मला या सगळ्याची खरी जागा सापडते. आनंदवनात बाग दाखवली जात होती तेव्हा प्रश्न होता, हे हात काही पिकवू शकतात का. सोमनाथला तेच हात शिकवत होते. पाटी कुठेच नव्हती.

आता दुसरी गोष्ट. सोमनाथहून उत्तरेला, सिंदेवाहीच्या पुढे नागभीड तालुका लागतो. त्यात नांदेड नावाचं लहानसं गाव आहे (मराठवाड्यातलं नव्हे, हे नांदेड फकीर). दादाजी रामाजी खोब्रागडे तिथले. दलित कुटुंब, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास.

१९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' नावाचा धान होता. त्यात त्यांना दोन-तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. पिवळसर, दाणा बारीक. आपण असतो तर कापणीत त्या कधीच इतर लोंब्यांबरोबर गेल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध वेगळ्या लावल्या, आणि रानडुकरांपासून राखायला भोवती काटेरी कुंपण घातलं. पुन्हा निवड, पुन्हा लावणी. असं पाच-सहा वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. काट्यांच्या कुंपणातला तो बांधीचा तुकडा म्हणजे माझ्या मते या दोन जिल्ह्यांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात महागडा प्रात्यक्षिक प्लॉट. दीड एकराच्या धन्याने जागा अशी अडवून ठेवायची म्हणजे काय, हे शेती असलेल्यांना सांगायला नको.

तांदूळ बारीक, शिजायला मऊ, आणि भरडल्यावर उतारा चांगला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने बी नेऊन चार एकरांत लावून बघितलं, आणि तो धान तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने विचारलं, याचं नाव काय? नाव नव्हतं. तेव्हा एचएमटी घड्याळाचा जमाना होता, लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर एचएमटीच. म्हणून तांदळाचं नाव पडलं एचएमटी. आज तुम्ही पुण्यात किंवा हैदराबादला वाण्याकडून जो एचएमटी आणता, तो हाच. घड्याळं काढणारी कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. तांदूळ चालू आहे.

बी मात्र पसाभर, पायलीभर असंच पसरलं. ज्याने मागितलं त्याला दिलं. आणि एक दिवस मागणारा आला तो शेजारी नव्हता. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राकडून प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बी नेलं गेलं. दादाजींनी दिलं. ते कोणालाही देतच होते! पुढे १९९८ साली विद्यापीठाचा वाण जाहीर झाला, नाव 'पीकेव्ही-एचएमटी'.

विद्यापीठाचं म्हणणं असं, की आम्ही त्या बियाण्याचं शुद्धीकरण केलं. शुद्धीकरण हे खरंच काम असतं, मी ते कमी लेखत नाही. शेतकऱ्याच्या बियाण्यात भेसळ असते, ती काढायला काही हंगाम जातात. पण ज्या माणसाने पाच-सहा वर्षं काट्यांच्या कुंपणात पहिलं शुद्धीकरण केलं, त्याचं नाव नव्या नावात कुठे बसलं? 'पीकेव्ही' पुढे आलं, घड्याळही टिकलं. मधला माणूस गळला.

मान नंतर मिळाले, नाही असं नाही. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स'ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. उद्योजक! ज्याने एका पायलीचाही हक्क राखला नाही, तो उद्योजक. दरम्यान ते नवे वाण काढतच राहिले होते : नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, डीआरके... शेवटच्या नावातली तीन अक्षरं त्यांची स्वतःची आहेत, दादाजी रामाजी खोब्रागडे. तोवर ते शहाणे झाले होते म्हणा, किंवा कोणीतरी आपुलकीने सुचवलं असेल. शेतकऱ्याने काढलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावावर करता येते असा कायदा आपल्याकडे झाला तो २००१ मध्ये, म्हणजे ते पाच किलो बी गेल्यानंतर सात वर्षांनी.

आणि एवढं होऊन, मागणाऱ्याला बी देणं त्यांनी थांबवलं नाही. मला हा भाग समजायला सगळ्यात अवघड जातो. वरोऱ्यात देणारे हात होते आणि घेणारं कोणी नव्हतं. नांदेडला सगळ्यांनी घेतलं. दोन्हीकडे हरवली ती एकच गोष्ट, की हे कोणाच्या हातचं. एकीकडे तेवढंच बघितलं गेलं म्हणून भाजी पडून राहिली, दुसरीकडे ते बघितलंच गेलं नाही म्हणून तांदूळ देशभर गेला आणि माणूस दीड एकरात राहिला.

३ जून २०१८ ला दादाजी गेले, गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'चं ते रुग्णालय, धानोऱ्याच्या रस्त्यावर.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा (लेखा) लागतं. गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २००९ साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो बातम्यांत आला. मला त्याहून जास्त कुतूहल आहे ते तिथल्या अभ्यासगटांचं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हे गाव काही अडलं की गट करून बसतं. जमिनीचा गट, जंगलाचा गट, मधाचा गट. गावातले असतात, बाहेरचा कोणी जाणकार असेल तर तोही बसतो, पण खाली, गोलात. बाहेरून कोणी अभ्यासाला आला तर त्याने आधी ग्रामसभेला विचारायचं, आणि जे सापडलं ते येऊन गावाला सांगायचं. मधाच्या गटाने आग्या माशांची पोळी न जाळता, माशा न मारता मध कसा काढायचा याची रीत बसवली. अंधारात, अंगाला जाळी बांधून, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा. ती रीत शिकायला मग इतर गावांतले लोक येऊ लागले.

पाच किलो बी मागायला कोणी मेंढ्याला आलं असतं तर काय झालं असतं, असा एक उगाच विचार मनात येतो. बी मिळालंच असतं. पण आधी गोलात बसावं लागलं असतं, नाव सांगावं लागलं असतं, आणि वर्षभराने परत येऊन काय केलंत ते सांगा, असं बजावून पाठवलं असतं. नांदेडच्या बांधीत विचारायला असा गोल नव्हता, एकटा माणूस होता.

असो. आजीच्या सांदवाडीतल्या वालाचं बी आमच्या नागपूरच्या आत्याकडे अजून आहे. शेंग रुंद, कडेला जांभळट, पाणी कमी लागतं, पण मांडव मजबूत हवा. मी यंदा बाल्कनीत लावलाय आणि पावसाळ्यात फुलला तर तुम्ही बघायला या. कोणाला हवं असेल तर पसाभर पाठवीन, आत्याचं नाव पुडीवर लिहून. पुढे तुम्ही कोणाला दिलंत, तर तेवढं नाव पुढच्या पुडीवरही लिहा.